डाय कास्टिंगमधील सच्छिद्रता

डाय कास्टिंगमधील सच्छिद्रता म्हणजे वितळलेला धातू उच्च दाबाने पोलादी साच्यात दाबून तयार केलेल्या ओतीव भागांच्या अंतर्भागात राहून जाणाऱ्या लहानमोठ्या पोकळ्या होत. कारखान्यांतील बोलीत या दोषाला ‘पोरॉसिटी’ किंवा ‘ब्लो होल’ म्हणतात. या पोकळ्यांमुळे भागाची ताकद घटते, त्यातून तेल, पाणी किंवा वायू झिरपतो आणि यंत्रकाम केलेल्या पृष्ठभागावर खड्डे उघडे पडतात. बहुतेक पोकळ्या बाहेरून दिसत नाहीत. वितळवणे, ओतणे, छाटणे आणि यंत्रकाम यांवरील सर्व खर्च होऊन गेल्यावर दोष उघडकीस येतो, आणि म्हणूनच तो महाग पडतो.

सच्छिद्रता पूर्णपणे नाहीशी करणे नेहमीच्या डाय कास्टिंगमध्ये शक्य होत नाही. तिचे प्रमाण कमी करणे आणि उरलेली पोकळी भागाच्या निरुपद्रवी जागी ठेवणे, हे व्यवहारातील उद्दिष्ट असते. त्यासाठी प्रथम पोकळीचे कारण ओळखावे लागते. कारण एका प्रकारच्या सच्छिद्रतेवरील उपाय दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी ठरतो, काही वेळा तो दोष वाढवतोही. या लेखात मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा आणि शीतकक्ष यंत्रांचा विचार केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

शीतकक्ष यंत्रात भट्टी यंत्रापासून वेगळी असते. प्रत्येक भागासाठी लागणारा द्रवधातू पळीने ‘शॉट स्लीव्ह’ नावाच्या आडव्या पोलादी नळीत ओततात आणि दट्ट्या तो साच्यात ढकलतो. साच्याला कारखान्यात ‘डाय’ म्हणतात. ॲल्युमिनियमचा द्रव लोखंडाला खातो. त्यामुळे पंप सतत द्रवधातूत बुडालेला असणारी उष्णकक्ष यंत्रे त्यासाठी वापरत नाहीत. ती मुख्यतः जस्त व मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूंसाठी असतात.

दट्ट्याच्या चालीचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात तो संथपणे पुढे सरकून द्रवधातू नळीच्या तोंडाशी व पुढे ‘रनर’ या वाटेने गेटपर्यंत आणतो. दुसऱ्या टप्प्यात त्याचा वेग एकदम वाढतो. गेट हे अरुंद प्रवेशद्वार असून त्यातून धातू सेकंदाला साधारणतः ३० ते ६० मी. वेगाने आत शिरतो आणि डायची पोकळी सेकंदाच्या काही शतांशांत भरते. तिसऱ्या टप्प्यात दाब अनेक पटींनी वाढवून धातू गोठेपर्यंत टिकवतात. या दाबवृद्धीला ‘इंटेन्सिफिकेशन’ म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी हा दाब सामान्यतः ४० ते १०० मेगापास्कल असतो.

पातळ भिंतींचे, अचूक मापांचे भाग वेगाने बनवता येणे, हे या पद्धतीचे बलस्थान होय. परंतु ज्या वेगामुळे हे साधते त्याच वेगामुळे हवा धातूत अडकते, आणि ज्या पातळ गेटमुळे भाग सहज छाटता येतो तेच गेट लवकर गोठून दाबाची वाट बंद करते. सच्छिद्रतेचे मूळ अशा रीतीने पद्धतीच्या गुणांतच आहे.

प्रकार व कारणे

वायुजन्य सच्छिद्रता

हिचे तीन स्रोत आहेत. पहिला व बहुधा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे अडकलेली हवा. समजा, शॉट स्लीव्हचे घनफळ २,५०० घ.सेंमी. आहे आणि तिच्यात १,००० घ.सेंमी. द्रवधातू ओतला. नळी ४० टक्के भरली व उरलेल्या १,५०० घ.सेंमी. जागेत हवा राहिली. डायच्या पोकळीतील व रनरमधील हवा याखेरीज असते. एवढी हवा अत्यल्प वेळात बाहेर पडली नाही, तर ती धातूत कोंडली जाते.

दुसरा स्रोत वाफ आणि तेलांचा धूर हा होय. डायला धातू चिकटू नये म्हणून प्रत्येक वेळी तिच्यावर पाण्यात मिसळलेल्या वंगणाची फवारणी करतात. दट्ट्यालाही वंगण लावतात. सुमारे ०.०५ ग्रॅम वजनाचा पाण्याचा एक थेंब ७०० °से. तापमानाला वातावरणीय दाबाखाली वाफ झाला, तर ती वाफ सुमारे २२० घ.सेंमी. जागा व्यापते. डायच्या खाचेत साचलेले किंवा तडा गेलेल्या थंडाव्याच्या वाहिनीतून झिरपणारे थोडेसे पाणीही म्हणूनच पुरेसे घातक ठरते.

तिसरा स्रोत हायड्रोजन होय. तप्त ॲल्युमिनियमची पाण्याच्या वाफेशी अभिक्रिया होऊन ऑक्साइड व हायड्रोजन तयार होतात आणि हायड्रोजन द्रवधातूत विरघळतो. ॲल्युमिनियमच्या ६६० °से. या वितळबिंदूला १०० ग्रॅम द्रवात सुमारे ०.६९ घ.सेंमी. हायड्रोजन विरघळू शकतो, तर तेवढ्याच घन धातूत केवळ सुमारे ०.०३६ घ.सेंमी. म्हणजे गोठताना विद्राव्यता जवळजवळ विसाव्या हिश्शावर येते व जादा वायू बाहेर पडू पाहतो. वाळूच्या साच्यातील संथ ओतकामात हायड्रोजन हा मुख्य शत्रू असतो. डाय कास्टिंगमध्ये धातू झपाट्याने व दाबाखाली गोठत असल्याने त्याचा वाटा अडकलेल्या हवेपेक्षा सहसा कमी असतो.

आकुंचनजन्य सच्छिद्रता

द्रवरूपातून घनरूपात जाताना शुद्ध ॲल्युमिनियमचे घनफळ ६ टक्क्यांहून अधिक घटते. सिलिकॉन गोठताना प्रसरण पावते. त्यामुळे सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूंत हे आकुंचन काहीसे कमी होते, पण संपत नाही. घटलेले घनफळ भरून काढण्यास नवा द्रवधातू पोहोचला पाहिजे. पातळ भाग आधी व जाड भाग नंतर गोठतो. जाड भागाकडे जाणारी वाट आधीच बंद झाली असेल, तर तेथे आत पोकळी उरते. बोल्टसाठीचे जाड उंचवटे, भिंतींचे छेद आणि फासळ्यांचे सांधे ही तिची नेहमीची ठिकाणे होत.

मिश्र सच्छिद्रता

प्रत्यक्षात दोन्ही कारणे पुष्कळदा एकत्र येतात. आकुंचनामुळे दाब घटलेल्या जागी वायूचा बुडबुडा सहज वाढतो. द्रवधातूतील ऑक्साइडचे दुमडलेले पापुद्रे हेही पोकळीचे आरंभस्थान ठरतात, असे ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी प्रतिपादन केले. दुमडीच्या दोन कोरड्या पृष्ठभागांमध्ये बंध नसतो आणि ती फट पुढे उघडत जाते.

निदान

भाग कापून, घासून व चकाकी देऊन भिंगाखाली पाहिल्यास पोकळीच्या आकारावरून कारणाचा अंदाज येतो.

• वायूची पोकळी बहुधा गोलसर असून तिची आतील भिंत गुळगुळीत असते. ती भागात कोठेही, अनेकदा शेवटी भरणाऱ्या जागी किंवा दोन प्रवाह मिळतात तेथे आढळते.
• आकुंचनाची पोकळी वेडीवाकडी, खडबडीत व फांद्यांसारखी असते. ती जाड छेदाच्या मध्यात, दर भागात जवळजवळ त्याच जागी आढळते.
• पोकळीच्या भिंतीवर काळपट थर असेल, तर जळालेल्या वंगणाचा संशय घेतात.

जागेची पुनरावृत्ती हा महत्त्वाचा पुरावा होय. एकच भाग कापून निष्कर्ष काढण्याऐवजी सलग काढलेले अनेक भाग क्षकिरणांखाली पाहून पोकळ्यांची नोंद चित्रावर करतात. पोकळी जागा बदलत असेल तर अडकलेल्या वायूचा, आणि जागा धरून असेल तर आकुंचनाचा विचार प्रथम करतात. मात्र आकार व जागा या दोन्ही खुणा जुळल्याखेरीज निर्णय पक्का मानत नाहीत.

साधी उष्णता-चाचणीही उपयोगी पडते. भाग ५०० °से.च्या आसपास तापवल्यास मऊ झालेल्या धातूला आतील दाबलेला वायू फुगवतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. आकुंचनाच्या रिकाम्या पोकळीमुळे असे फोड येत नाहीत. याच कारणाने नेहमीच्या डाय कास्टिंगच्या भागांना तापवून पाण्यात विझवण्याची पूर्ण उष्णता-प्रक्रिया देता येत नाही.

वायुजन्य सच्छिद्रता कमी करण्याचे उपाय

द्रवधातूची निगा

भंगार व पुन्हा वितळवायचे गेट-रनर कोरडे आणि तेलविरहित ठेवणे, तापमान गरजेपेक्षा न वाढवणे आणि पृष्ठावरील मळी काढणे ही प्राथमिक पथ्ये होत. विरघळलेला हायड्रोजन काढण्यासाठी फिरत्या दांड्यातून नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बारीक बुडबुडे द्रवात सोडतात. हायड्रोजन त्या बुडबुड्यांत शिरून वर येतो आणि ऑक्साइडचे कणही त्यांच्यासह पृष्ठावर येतात. परिणाम तपासण्यासाठी धातूचा एक लहान नमुना कमी दाबाखाली व दुसरा वातावरणीय दाबाखाली गोठवून त्यांच्या घनतांची तुलना करतात.

दट्ट्याचा पहिला टप्पा

पहिल्या टप्प्यात दट्ट्या फार वेगाने निघाला, तर नळीतील द्रवाची लाट उसळून कोसळते व हवा गिळते. फार संथ निघाला, तर लाट दट्ट्याच्या पुढे धावून नळीच्या तोंडावरून परतते आणि तरीही हवा कोंडते. या दोहोंच्या मध्ये एक योग्य वेग असतो. त्या वेगाने लाट नळीच्या माथ्याला टेकून हवेला पुढे रेटत नेते. गार्बर यांनी १९८२ मध्ये या वेगाचे गणिती विश्लेषण मांडले. नळीचा व्यास व ती किती भरली आहे यांवर तो अवलंबून असतो आणि साधारणतः सेकंदाला ०.२ ते ०.८ मी. या पट्ट्यात येतो. नळी जितकी अधिक भरलेली तितकी हवा कमी. म्हणून लहान भागासाठी मोठ्या व्यासाची नळी वापरणे टाळतात.

दुसऱ्या टप्प्याकडे वळण्याचे स्थानही निर्णायक असते. धातू गेटपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वेग वाढवल्यास रनरमधील हवा धातूत मिसळते. उशिरा वाढवल्यास पुढे गेलेला धातू थंड पडून भागात सांधे व अपुरे भराव राहतात.

हवेला वाट

रनरचे छेदक्षेत्र नळीपासून गेटपर्यंत क्रमाने कमी होत जावे, असा नियम आहे. वाट मध्येच रुंदावल्यास प्रवाह भिंत सोडतो व हवा ओढून घेतो. पोकळी ज्या जागी सर्वांत शेवटी भरते तेथे हवामार्ग काढतात. ॲल्युमिनियमसाठी त्यांची जाडी एका मि.मी.च्या सुमारे दशांशाएवढी असते, म्हणजे हवा जाते पण धातू गोठून थांबतो. प्रवाहाच्या तोंडाशी असलेला थंड व मलिन धातू सामावण्यासाठी कडेला ‘ओव्हरफ्लो’ या लहान कप्प्यांची सोय करतात. वंगणाच्या काजळीने हवामार्ग बुजतात, त्यामुळे त्यांची नियमित सफाई हा सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित उपाय ठरतो.

निर्वात साहाय्य

भरावापूर्वी डायमधील हवा पंपाने ओढून घेण्याच्या पद्धतीला निर्वात डाय कास्टिंग म्हणतात. वातावरणाचा दाब सुमारे १,०१३ मिलिबार असतो. तो ५० मिलिबारपर्यंत उतरवल्यास डायमध्ये मूळ हवेचा जेमतेम विसावा हिस्सा उरतो. मात्र डायच्या फटी, ढकलदांड्यांची भोके व दट्ट्याची सैल बैठक यांतून बाहेरची हवा आत खेचली गेली, तर पंप असूनही लाभ होत नाही. निर्वातामुळे आकुंचनाची पोकळी कमी होत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

फवारणी

वंगणाचे प्रमाण पुरेसे पण किमान ठेवतात, डाय मिटण्यापूर्वी हवेच्या झोताने खाचांतील पाणी उडवतात, आणि डाय थंड करण्याचे काम फवारणीऐवजी आतील पाण्याच्या वाहिन्यांकडे सोपवतात.

आकुंचनजन्य सच्छिद्रता कमी करण्याचे उपाय

मूळ उपाय भागाच्या आराखड्यात असतो. भिंतींची जाडी शक्य तितकी एकसारखी ठेवणे, जाड उंचवटे आतून पोकळ करणे आणि एकाच जागी अनेक फासळ्या न मिळवणे यांमुळे उशिरा गोठणाऱ्या जागाच कमी होतात. जाड छेद टाळता येत नसेल, तर गेट त्याच्या जवळ आणतात.

दाबवृद्धीचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. गेट गोठल्यावर दिलेला दाब भागापर्यंत पोहोचत नाही. दाब वेळेत पोहोचल्यास तो दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतो. वातावरणीय दाबाची १ घ.सेंमी. हवा ७० मेगापास्कल दाबाखाली आणि तापमान तिप्पट झाले असे धरूनही सुमारे ०.००४ घ.सेंमी.पर्यंत आक्रसते. नळीच्या टोकाशी उरणाऱ्या धातूच्या चकतीला ‘बिस्किट’ म्हणतात. ती फार पातळ राहिली, तर भागाच्या आधी गोठते व दाबाचा मार्ग तुटतो. म्हणून दर वेळी ओतल्या जाणाऱ्या धातूचे प्रमाण सारखे ठेवतात.

डायच्या तप्त जागी थंडाव्याची वाहिनी जवळ नेतात आणि बारीक गाभा-दांड्यांमध्ये पाण्याचा झोत खेळवतात. तरीही भागत नसेल, तर धातू अर्धवट गोठला असताना जाड जागेवर स्वतंत्र दांडा दाबण्याची युक्ती योजतात. तिला ‘स्क्वीझ पिन’ म्हणतात.

उपायांमधील परस्परविरोध

कोणताही एक घटक बदलल्यास इतर घटकांवर परिणाम होतो. डाय थंड ठेवण्यासाठी फवारणी वाढवली, तर आकुंचनाची जागा सुधारते पण वाफ वाढते. धातूचे तापमान वाढवले, तर भराव सुलभ होतो. मात्र हायड्रोजन, आकुंचन व डायला धातू चिकटणे ही तिन्ही वाढतात. गेट जाड केले, तर दाब अधिक काळ पोहोचतो. पण तेवढ्याच दट्ट्या-वेगाला गेटमधील वेग घटतो आणि छाटणी अवघड होते.

दाब वाढवण्यालाही मर्यादा असते. डाय उघडण्याच्या दिशेने पाहता ५०० चौ.सेंमी. क्षेत्र व्यापणाऱ्या धातूवर ७० मेगापास्कल दाब दिल्यास डाय उघडू पाहणारे बल सुमारे ३५७ टन होते. यंत्राचे मिटणबल त्याहून कमी असेल, तर डाय किंचित उघडून धातू कडेने बाहेर येतो, मापे बिघडतात व दाबही वाया जातो. यामुळे एका वेळी एकच घटक बदलून, प्रत्येक बदलानंतरचे भाग वेगळे ठेवून तपासण्याची शिस्त पाळतात. भराव व घनीभवन यांचे संगणकीय अनुरूपण डाय तयार होण्यापूर्वीच केल्यास पुढील दुरुस्त्यांचा खर्च टळतो.

यंत्रकाम, तपासणी व स्वीकृती

डायला टेकलेला धातू प्रथम गोठत असल्याने भागाचे बाह्य कवच दाट व सूक्ष्मकणी असते आणि पोकळ्या प्रामुख्याने त्याच्या आत असतात. यंत्रकामात जाड थर काढल्यास हे कवच निघून जाते. त्यामुळे यंत्रकामासाठीचा जादा थर शक्य तितका कमी, साधारणतः अर्ध्या मि.मी.च्या आसपास ठेवणे हितावह असते. सीलबंद जागा, आटे व दाबाखालील मार्ग कोठे आहेत हे आराखडाकाराने आधीच चित्रावर दाखवल्यास पोकळी तेथून दूर ठेवता येते.

तपासणीसाठी क्षकिरण, त्रिमितीय संगणकीय छेदचित्रण, घनतामापन, पाण्याखाली हवेचे बुडबुडे पाहणे आणि बंद भागातील दाबाची घट मोजणे या पद्धती वापरतात. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या डाय कास्टिंगसाठी ‘एएसटीएम ई ५०५’ हा संदर्भ-क्षकिरणचित्रांचा मानक संच आहे. सर्वत्र ‘शून्य सच्छिद्रता’ मागणे अव्यवहार्य असते. भागाच्या कोणत्या पट्ट्यात केवढी पोकळी चालेल हे ग्राहक व उत्पादक यांनी आरंभीच ठरवणे आवश्यक असते.

छिद्रे भरणे

केवळ गळतीचा प्रश्न असेल, तर भाग टाकून देण्याऐवजी त्यातील सूक्ष्म छिद्रे राळेने भरतात. यंत्रकाम झालेले भाग टाकीत ठेवून हवा काढतात, मेथॅक्रिलेट वर्गातील पातळ राळ छिद्रांत शिरू देतात, पृष्ठभाग धुतात आणि सुमारे ९० °से.च्या गरम पाण्यात राळ घट्ट करतात. या प्रक्रियेला ‘इम्प्रेग्नेशन’ म्हणतात. तिच्यामुळे गळती थांबते, पण ताकद वाढत नाही; मोठे खड्डेही भरत नाहीत. भार सोसणाऱ्या किंवा सुरक्षेशी संबंधित भागातील पोकळीवर तो उपाय मानता येत नाही.

इतिहास व विशेष पद्धती

दाबाने धातू ओतण्याची कल्पना छपाईच्या खिळ्यांसाठी पुढे आली. अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८४९ मध्ये दिले गेले. शीतकक्ष यंत्रे १९२० च्या दशकापासून विकसित झाली आणि ॲल्युमिनियमचा मार्ग मोकळा झाला.

सच्छिद्रता कमी करण्याच्या गरजेतूनच पुढील अनेक पद्धती जन्मल्या. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सने ‘ॲक्युरॅड’ पद्धत विकसित केली. तिच्यात जाड गेटमधून संथ भराव आणि मुख्य दट्ट्याच्या आत दुसरा दट्ट्या होता. १९७० मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोले व्हेगा या मोटारीचा इंजिन ठोकळा याच पद्धतीने ओतला जाई. दुसऱ्या एका पद्धतीत डायमधील हवेच्या जागी ऑक्सिजन भरतात. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून सूक्ष्म ऑक्साइड कणांत रूपांतरित होतो व वायू उरत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फ्लेमिंग्ज व त्यांचे विद्यार्थी स्पेन्सर यांच्या संशोधनातून अर्धघन धातू ओतण्याची दिशा मिळाली. असा धातू शांतपणे वाहतो, आणि त्याचा काही भाग आधीच गोठलेला असल्याने आकुंचनही कमी होते.

१९९४ मध्ये आलेल्या आउडी ए८ मोटारीच्या ॲल्युमिनियम सांगाड्यात निर्वात डाय कास्टिंगने बनवलेले जोडभाग वापरले गेले. पुढे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने, नेहमीच्या डाय कास्टिंगचे भागही कमी तापमानाला व थोडा वेळ तापवल्यास फोड न येता उष्णता-प्रक्रियेचा लाभ घेऊ शकतात, असे दाखवले.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे-चाकण परिसर आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे दुचाकी व मोटार उद्योगामुळे ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचा व्यवसाय वाढला आहे. भारतात एडीसी १२ हा जपानी मानकातील मिश्रधातू त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यात ९.६ ते १२ टक्के सिलिकॉन व १.५ ते ३.५ टक्के तांबे असते. इंजिनाचे क्रँककेस, क्लचचे झाकण यांसारख्या भागांत तेल राहते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत गळतीची चाचणी हाच स्वीकृतीचा मुख्य निकष असतो. विजेवरील वाहनांच्या मोटारींची व बॅटरीची कवचे पाण्याने थंड केली जातात तेव्हा तोच निकष त्यांनाही लागू होतो. अशा भागांतून पाणी झिरपल्यास विद्युत जोडण्यांना धोका पोहोचतो, म्हणून त्यांच्यातील सच्छिद्रतेचे नियंत्रण सुरक्षिततेचाही विषय ठरते.